लाल खुणेचं पुडकं

"ओला हिरव्यात, सुका निळ्यात, इथवर बराबर," नंदाबाई कचऱ्याची ढकलगाडी दारात टेकवत म्हणाल्या. "पण लेकराचं डायपर सुक्यात कसं? ते कागदात गुंडाळायचं, वर लाल खूण करायची अन् वेगळं द्यायचं. न्हाई तर मी उचलणार न्हाई, बाई."

"थांबा मावशी, आत्ता करून देते," आसिफा म्हणाली आणि सहा महिन्यांच्या अंबरीनला कडेवर घेऊन कपाटाकडे वळली.

वरच्या फळीवर जुन्या उर्दू वर्तमानपत्राची एक घडी होती. या घरात उर्दू कागद कचऱ्यात जात नसे. कुठल्या ओळीत अल्लाहचं नाव असेल, काय सांगावं! असे कागद खुंटीवरच्या कापडी पिशवीत साठायचे आणि वर्षातून एकदा सासरे, लालमियाँ, ते अदबीनं मातीत पुरून यायचे. आसिफानं वर्तमानपत्र सोडवलं, पिशवीत ठेवलं. आत फिकट टायपिंगचे चार मराठी कागद निघाले. डायपरही चारच होते. बाहेर कचरागाडीची घंटा वाजत होती. तिनं चार पुडकी केली, लिपस्टिकनं लाल रेघा ओढल्या आणि नंदाबाईंच्या हवाली केली.

दोन दिवसांनी, गुरुवारी, शेजारची जागा नव्यानं घेतलेल्या राधेश्यामनं गल्लीच्या तोंडाशी दोन खड्डे खणले. तिथं तो फाटक बसवणार होता. मंगळवारी काँक्रीट. आसिफाच्या घराला वाट तेवढी एकच.

"खोदू दे," लालमियाँ निवांत म्हणाले. "ही गल्ली दोघांची आहे, असा कोर्टाचा फैसला आहे आपल्याकडं. बेटा, वरच्या फळीवरचे कागद काढ."

आसिफाच्या डोळ्यांपुढे त्या कागदांवरचा गोल जांभळा शिक्का आला. त्या दिवशी तो दिसला होता. पाहिला मात्र नव्हता.

"अब्बा, ते कागद मी अंबरीनच्या डायपरला गुंडाळले."

लालमियाँ बाजेवर बसले. मग नातीकडं बघून म्हणाले, "तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या मी. अन् हिनं एका सकाळीत..."

"कागद गेला, फैसला कुठं गेलाय?" आसिफा म्हणाली. " कोर्टात असेलच की. दाव्याचा नंबर आठवतो?"

"नंबर त्या कागदावरच होता ना."

"अन् वर? वर्तमानपत्रावर तुम्ही काही लिहिलं होतं?"

लालमियाँनी मान वर केली. आसिफा तोवर खुंटीपाशी पोचली होती. वर्तमानपत्राच्या कडेला निळ्या शाईत, उर्दू आकड्यांत, त्यांचंच अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात, नकला देणाऱ्या खिडकीशी कारकून भुजंगराव म्हणाले, "चाचा, नुसत्या नावावर कसं सापडंल? नंबर लागतो, साल लागतं."

आसिफानं घडी पुढं केली.

"हे उर्दू कोण वाचणार?"

"मी वाचते, तुम्ही लिहून घ्या. चारशे बारा, सन सत्त्याऐंशी."

"अन् जुनी नक्कल कुठं गेली?"

"कचऱ्यात."

"ओल्या का सुक्या?"

"लाल खुणेच्या."

भुजंगरावांचा पेन थांबला. त्यांनी अंबरीनकडं पाहिलं आणि मग खुर्ची हलेपर्यंत हसले. "घरोघरी तेच चालू हाय. चाचा, दाव्यात तुमचंच नाव हाय ना? मंग अर्जावर सही करा, कोर्ट फीचं तिकीट लावा. हुकूमनामा जपून ठेवलेला असतो, घाबरू नका. जल्दीची नक्कल म्हणून लिहून द्या अन् सोमवारी दुपारी या."

सोमवारी संध्याकाळी राधेश्यामनं खड्ड्याशेजारी उभं राहून नक्कल दोनदा वाचली.

"जागा विकताना हे बोलला न्हाई तो जुना मालक, मियाँभाई."

"त्याच्या बापाशीच तर झाला होता दावा. तुम्ही मला विचारायचं होतं."

राधेश्यामनं कागद परत दिला. काँक्रीटवाल्याला तिथूनच फोन लावला आणि खड्डे बुजवायला माणूस पाठवला.

मंगळवारी नंदाबाईंची गाडी ओल्या मातीवरून थेट दारापर्यंत आली. नवी नक्कल त्याच उर्दू वर्तमानपत्रात बांधून कपाटात गेली होती. आसिफा लाल रेघेचं पुडकं घेऊन बाहेर निघाली, तसा बाजेवरून आवाज आला.

"थांब बेटा."

लालमियाँनी चष्मा चढवला, पुडकं हातभर लांब धरलं आणि त्यावरची मसाल्याची जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"हं. आता दे."