अर्ध्या गोळ्यांची डबी

मी एक जुनी डबी आहे, गोळ्या कापायची. अंगाने निळी, झाकणात एक पातं. मित्रांनो, गोळी खोबणीत ठेवायची, झाकण दाबायचं, की झाले दोन तुकडे. एवढीच माझी विद्या.

अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका औषधांच्या दुकानातून व्हर्नाबाई हुडाक यांनी मला घरी आणलं. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. तेव्हा माझं काम उजळ माथ्याचं होतं. मोठी गोळी आणि छोटी गोळी एकाच किमतीला मिळे, म्हणून डॉक्टरच मोठी लिहून देत आणि अर्धी-अर्धी घ्यायला सांगत. बाई शेजारणींपाशी माझं कौतुक करत.

मग देशभर आरोग्यविम्याचा नवा कायदा आला. बाईंचा धाकटा भाऊ एमिल दर रविवारी चर्चमधून परस्पर जेवायला येई. ताटं वाढली की दोघांची जुंपे.

"माझा विम्याचा हप्ता दुप्पट झाला, ताई," एमिल म्हणे. त्याचं गॅरेज होतं. "कमाई सरकारी सवलतीच्या रेषेच्या बोटभर वर, म्हणून एक डॉलर सुटत नाही. म्हणे स्वस्ताई!"

"आणि माझं काय? हृदयाचं दुखणं म्हणून मला कुणी विमा देत नव्हतं. आता मिळाला ना?"

"मिळाला. पण वर्षाच्या औषधपाण्याचे पहिले सहा हजार डॉलर तुझ्याच खिशातून, मग विमा. छत्री दिली, उघडायची मात्र पाऊस थांबल्यावर."

"तू आधी कोबी गीळ. घशात अडकेल."

मला दोघांचंही पटे. पण डबीला कोण विचारतो?

पुढे डॉक्टरांनी बाईंची गोळी बदलली. नवी गोळी महाग होती आणि ते सहा हजार पुरे होईपर्यंत तिचे सगळे पैसे बाईंनाच भरावे लागत. बाईंनी कुणालाही न विचारता ती माझ्या खोबणीत ठेवली. एका दिवसाचं औषध दोन दिवस पुरू लागलं. ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी होती, कापायची नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं.

त्या रविवारी बाई ऐटीत म्हणाल्या, "माझा औषधाचा खर्च निम्म्यावर आलाय. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

एमिलने वाद सोडून कोबी वाढून घेतला. मी खणात होते. मला फार लाज वाटली; निम्मा झाला होता तो खर्च नव्हे, औषधाचा डोस.

तीन आठवड्यांनी, रविवारच्या जेवणाआधी, भांडं उतरवताना बाई एमिलसमोरच ओट्यापाशी कोसळल्या. शुद्धीवर येताच पहिलं वाक्य म्हणाल्या, "अॅम्ब्युलन्स नको. तिचं बिल कोण भरणार?"

त्या कोणतं औषध घेतात हे डॉक्टरांना सांगावं म्हणून एमिलने खण उपसला. आत मी होते, आणि बशीत अर्ध्या गोळ्यांची रांग. आम्हाला खिशात टाकून त्याने बाईंना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सने तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "ही गोळी कापायची नसते, बाई. आणि परवडत नव्हती तर सांगायचं. स्वस्तातली जुनी गोळी आहे की."

बाई खाली मान घालून बसल्या होत्या. एमिलकडे जिंकायची उत्तम संधी होती. कायदा फसला, हे सांगायला त्याच्या हातात पुरावाच होता.

"अर्धी गोळी घेऊन माझ्याशी पुरतं भांडत होतीस होय?" एवढंच तो म्हणाला.

"खरं सांगितलं असतं तर तू जिंकला असतास," बाई म्हणाल्या.

"मग जिंकू द्यायचं होतंस, ताई. मला दुसरी बहीण नाही."

मित्रांनो, कायद्याने सामान्य माणसाचा खर्च उतरला की चढला, हे मी सांगू शकत नाही. ते दोघे अजूनही भांडतात. पण तुमच्या घरात कुणी गुपचूप गोळी कापताना दिसलं, तर एकच विचारा: डॉक्टरांनी अर्धी घ्यायला सांगितलीय का? उत्तर 'नाही' असं आलं, तर वाद तिथेच सोडा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.