वाकळीतला तांब्या

मी रंगुबाईचा फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा आहे, झाकणाला आटे आहेत आणि बुडाशी चांगला मोठा पोचा आहे. त्या पोच्याची गोष्ट सांगायची तर आधी माझी लाज सांगावी लागेल.

कऱ्हाडच्या तांबटानं मला घडवला. रंगुबाईच्या लग्नात आहेरात आलो नि पाटणकडच्या तिच्या सासरी नांदू लागलो. घर ख्रिस्ती. जेवणाआधी सगळे डोळे मिटत, तेव्हा मीही ताटाशेजारी मुकाट उभा असे. मग विजयमाला जन्मली. पोर अजून रांगतही नव्हती आणि थंडी दात वाजवणारी. रंगुबाईनं जुनी वाकळ फाडून दोन तुकडे केले. एकात पोरीला गुंडाळायची, दुसऱ्यात गरम पाणी भरलेल्या मला, आणि आम्हा दोघांना शेजारी निजवायची. पोरीला ऊब द्यायची, एवढंच माझं काम.

कोयनेचा भूकंप झाला ती पहाट. भिंती डोलू लागल्या. काळोखात हाताला लागली ती वाकळ छातीशी धरून रंगुबाई बाहेर पळाली. माझी फिरकी सैल होती. कोमट पाणी तिच्या पोटावर झिरपलं, तशी "भ्यालं गं माझं लेकरू," म्हणत तिनं मला थोपटलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पाजायला म्हणून तिनं वाकळ उलगडली, तेव्हा आत मी होतो.

पोर वाचली. सासूनं, बनाबाईनं, तिला पडत्या घरातून ओढून काढली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण गावाच्या जिभेला हाड कुठलं? "पितळ वाचवलं आन् पोटचं ठेवलं," म्हणाले. म्हणणारे पुढं विसरलेही. रंगुबाई विसरली नाही, आणि मी तरी कसा विसरू? पोर असायला हवी होती त्या कुशीत मी होतो.

पुढं नवऱ्याला, केरबाला, कुपवाडच्या कारखान्यात काम लागलं. तिथली जमीन शांत होती, पण रंगुबाई पत्र्याच्या खोलीत निजेना. अंगणात बाज टाकायची नि उशाशी पालथ्या वाटीवर मला तोलून ठेवायची. हादरा बसला तर मी पडावं आणि तिनं जागं व्हावं. पाडायचं मांजर, आणि जागी व्हायची सगळी चाळ! तेही चाललं असतं, पण ती विजयमालाला उचलून घेत नसे. पोरीनं हात पसरले की म्हणायची, "आजीकडं जा बाय. माज्या हातांचा भरवसा न्हाई." लेकराला कडेवर घेऊन उपासनेत पुढं यायचं ते आईनं, म्हणून पोरीचा बाप्तिस्माही अडला होता. पाचवं लागलं तरी तो झाला नाही.

शेजारच्या चंद्राबाई दवाखान्यात आया होत्या, आणि रंगुबाईच्याच चर्चच्या मंडळीतल्या. एका दुपारी रंगुबाई मला चिंचेनं घासत होती, तिथं त्या येऊन टेकल्या.

"रंगू, पितळ झिजंल आता. किती घाशील?"

रंगुबाईला रडूच फुटलं. "आक्का, प्रार्थनेला डोळं मिटलं की ह्यो तांब्याच दिसतुया. लेकरू कुटं टाकलंस, असं देवानं इचारलं तर काय सांगू?"

"प्रभूला धरून नेला तवा त्येचा शिष्य भ्याला. म्या ह्येला वळखतच न्हाई म्हनला. मागनं लय रडला. आन् प्रभू परत भेटला तवा काय म्हनला त्येला? माजी कोकरं राख म्हनला. जो भ्याला, त्येच्याच हातात दिली. मग तू कोन लागून गेलीस न्हाई म्हनायला?"

रंगुबाईनं पदरानं डोळे पुसले. मग मला विसळून म्हणाली, "पाळकास्नी सांगा, ह्या ऐतवारी येती. बाप्तिस्म्याचं पानी घरनंच आनती. ह्येच्यातनंच."

मला धडकी भरली. पुन्हा मी कशाला मध्ये?

उपासना पत्र्याच्या शेडमध्ये होती. रंगुबाई मला दोन्ही हातांनी धरून पुढं उभी राहिली, विजयमाला तिच्या पदराला धरून. अजूनही हातात मीच होतो, बघा. पाळक प्रार्थना करत होते, तेवढ्यात बाहेरून लोखंड भरलेला ट्रक गेला नि पत्रे थडथडले. कुपवाडच्या माणसांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. रंगुबाईनं उघडले.

आणि तिनं मला टाकलं.

पोरीला उचललं, छातीशी आवळलं नि दाराबाहेर गेली. मी फरशीवर आदळलो, गडगडत जाऊन भिंतीला थडकलो, बूड आत गेलं. जन्मात इतका आनंद मला झाला नव्हता.

बाहेर नुसती धूळ. विजयमाला म्हणाली, "आये, टरक हाय त्यो." रंगुबाई हसली आणि त्याच तोंडानं रडली. "प्रभू, आता तू मला धर," म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन त्याच पत्र्याखाली परत आली. माझ्या पोटात ओंजळभर पाणी उरलं होतं. पाळक म्हणाले, "पुरतंय एवढं," आणि तेवढ्यातच विजयमालाचा बाप्तिस्मा झाला.

आता ती खोलीत निजते. ट्रक गेला की अजून दचकते, पण पोरीवर हात ठेवते, ओठ हलतात आणि डोळा लागतो. मी कोनाड्यात कलून बसतो. वाटीवर तोल धरणं आता माझ्याच्यानं होत नाही.

गल्लीत तांबट आला की केरबा मला बाहेर काढतो, आणि रंगुबाई हातातून काढून घेते. उद्या कुणाच्या घरी गेलो तर तुम्हीही एवढं करा, मला ठोकून नीट करू नका. तिनं मला टाकलं, त्याची माझ्याजवळ एवढीच खूण आहे.