रंगाखालचा बोल्ट

माझ्या थोरल्या भावाची जीभ सुटली की त्याच्या गॅरेजमधला कंप्रेसरसुद्धा लाजून बंद पडावा. काम मात्र त्याला एकच येतं, पार्ट बदलणं. दिवा लागत नाही, बदला. आवाज येतोय, बदला. आमचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याच गॅरेजमध्ये वायरिंग बघायचा, आणि मलाही ते काम त्यानेच शिकवलं. त्याचं म्हणणं अगदी उलटं होतं. "आधी मोज, मग खोल." यावरून दोघांची रोज जुंपायची, आणि मी मध्ये पडले की दोघंही माझ्यावर घसरायचे.

बाळंतपणासाठी मी काही महिने घरी होते. परत आले तर मामाचं स्टूल जुन्या टायरांखाली गाडलेलं दिसलं.

"मामा कुठंय?"

"घरी," दादा म्हणाला. "वय झालं त्याचं. हात थरथरतात. नर्सबाईंच्या गाडीचा पार विचका केला त्याने."

गाडी दारातच उभी होती. नर्सबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, आणि त्यांची गाडी ड्यूटीवर जाताना बंद पडायची. मामा म्हणाला होता, बॅटरी ठणठणीत आहे, चार्जिंग कुठे अडतंय ते आधी शोधू. दादाने त्याला बाजूला सारून नवी बॅटरी टाकली. तीही उतरली. मग नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. तरी रडगाणं तेच. बदलायला काही उरलं नाही, तेव्हा दादाने माणूस बदलला. म्हाताऱ्याने वायरिंग बिघडवलं, असं त्याने नर्सबाईंना सांगितलं. बाजारात, झाडून सगळ्या गॅरेजवाल्यांना सांगितलं. त्यामुळे मामाला दुसरीकडेही कोणी उभं करेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

माझं डोकं फिरलं. पण मामाने शिकवलंय, डोकं फिरलं तर हातात मीटर घ्यायचं.

नर्सबाईंची गाडी सुरू होईना, म्हणून करंट घ्यायला मी दादाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. आतल्या बॅटरीच्या प्लस खुंटीवर लाल नेलपॉलिश होतं. नर्सबाईंच्या नवऱ्याने एकदा वायरी उलट्या जोडल्या होत्या, तेव्हा मामानेच बाईंना ती खूण करायला लावली होती. म्हणजे 'मेलेली' बॅटरी चार्ज करून दादाने स्वतःच्या गाडीत बसवली होती, आणि ती एका हाकेत गाडी उठवत होती. मी बॉनेट हळूच लावलं. तोंडही बंदच ठेवलं.

नर्सबाईंची गाडी सुरू झाल्यावर अल्टरनेटरवर मोजलं. चौदा व्होल्टच्या वर, छान. बॅटरीवर मोजलं तर जेमतेम साडेबारा. वीज तयार होत होती, पण पोचत नव्हती. लाल वायरीच्या बाजूला काही अडत नव्हतं. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर ठेवली आणि दुसरी इंजिनच्या अंगावर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दीड व्होल्ट दिसले.

इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी मी सोडली. बोल्टखाली काळा रंग होता, नवाकोरा, गुळगुळीत. गाडी देताना ती आतूनही चकचकीत दिसावी म्हणून दादा फवारा मारतो. इथे तर मागच्या खेपेला त्याने पट्टी काढून खाली रंग दिला होता आणि वर बोल्ट आवळला होता; रंगातून वीज जाणार कशी? मी पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासला आणि पट्टी परत लावली. बॅटरीवर चौदा व्होल्ट आले.

"झालं ना मग?" दादा म्हणाला. "कळव नर्सबाईंना."

"मामालाही आणते. माफी माग त्याची."

"आण. म्हणतो सॉरी."

मामाला घेऊन येईपर्यंत मी एकटीच बडबडत होते. तो सगळं ऐकत होता. "मायनसची बाजू मोजलीस, बरं केलंस," एवढंच म्हणाला. दोन्ही हात खिशात. माझं बाळही त्याने लांबूनच पाहिलं, घेतलं नाही. मला वाटलं, रुसलाय.

आम्ही पोचलो तेव्हा नर्सबाई गाडी सुरू करून बघत होत्या. मामाकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "त्यांना काढलंत ते बरंच झालं," त्या दादाला म्हणाल्या. "आता कशी झकास चालतेय."

मी दादाकडे पाहत राहिले. एक वाक्य पुरेसं होतं. तो फडक्याने हात पुसत म्हणाला, "आता काळजी नको, बाई."

मी जाऊन त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं. "बाई, ही खूण ओळखता?"

नर्सबाई वाकल्या. त्यांनी लाल खुंटीवर नख फिरवलं, दादाकडे पाहिलं, मग मामाकडे. मी रंग, बोल्ट, पट्टी सगळं सांगून टाकलं. दादा फडकं झटकत राहिला. त्याच्या तोंडाला पहिल्यांदाच कुलूप लागलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला.

"मामा, चुकलंच माझं," नर्सबाई म्हणाल्या. "यापुढे गाडी तुमच्याकडेच आणीन. तुम्ही सांगाल तिथे."

मी मीटर मामापुढे धरलं. "घे. तुझं आहे."

त्याने खिशातून हात काढले. ते थरथरत होते. मीटरची सुई त्याच्या बोटांत टिकेना. मी त्याचं मनगट धरलं, तरी थरथर थांबेना.

"घरी बसल्यावर सुरू झालं," मामा म्हणाला. मग तो दादाकडे वळला. "तू सांगितलंस तेव्हा नव्हतं हं."