दीड टनाचं मत

मी रोलर बोलतोय. क्रिकेटची खेळपट्टी दाबायला मैदानाच्या कडेला उभा असतो ना, तो. बिडाचा, दीड टन वजनाचा. बोलायची मला मुळीच हौस नाही. बोलणारी माणसं मी इतकी ऐकली आहेत की बोलणं या प्रकाराचीच शिसारी आली आहे. पण जे घडलं ते खरं सांगणारं इथे दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून नाइलाजाने तोंड उघडतोय.

गाझियाबादच्या एका फाउंड्रीत माझा जन्म झाला. तिथून नोएडातल्या एका पंख्याच्या कारखान्याने मला उचललं. कारखान्याचं स्वतःचं मैदान होतं, कामगारांचा संघ होता, आणि मैदान राखायला एक माणूस होता. खंडेराव. साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातला. भावाच्या मागोमाग दिल्लीला आला आणि इथल्या मातीत अडकला.

खंडेरावाइतका कमी बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि म्हणूनच तो मला आवडायचा. सकाळी यायचा, उकिडवा बसायचा, खेळपट्टीत अंगठा दाबायचा, मग अंगठ्याकडे बघायचा. तेवढ्यावर त्याला कळायचं, आज पाणी द्यायचं की नाही, मला ओढायचं की नाही. मला ओढताना तो कधी शिवी द्यायचा नाही. बाकीचे सगळे द्यायचे.

मग बाजार खुला झाला म्हणतात तो काळ आला. मला त्यातलं एवढंच कळलं, की पंख्याचा कारखाना बंद पडला आणि समोरच्या सेक्टरातल्या गच्च्यांवर ताटाएवढ्या डिश उगवल्या. कामगार पांगले. मैदान मात्र राहिलं, कारण ते कोणाचं यावर वाद होता. खंडेरावही राहिला. मैदानामागे पत्र्याची एक खोली होती, तिच्यात तो आणि विठाबाई, त्याची बायको. नोकरी हंगामी. दर तीन महिन्यांनी कागद नवा.

त्याच सुमाराला शहरातल्या प्रतिष्ठित लोकांना वाटलं, आपल्या शहराला स्टेडियम हवं. मोठ्या सामन्यांचं नव्हे हं. जिल्ह्याच्या दुय्यम संघांचं, ज्यांतल्या खेळाडूंची नावं त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असतात. तरी हवं. शेजारच्या शहराला होणार होतं ना! झाली समिती स्थापन. समितीला कचेरी नव्हती, म्हणून थंडीत रविवारी सकाळी माझ्याच शेजारी उन्हात खुर्च्या मांडायचे. शेंगदाणे यायचे, तीळगुळाची गजक यायची. टरफलं माझ्यावर पडायची. असे चार हिवाळे ही मंडळी एकच प्रश्न चघळत होती: स्टेडियम बांधायचं कुठे?

अध्यक्ष राजाभाऊ. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले, तीस वर्षं दिल्लीत मुरलेले. त्यांचं म्हणणं, स्टेडियम यमुनेच्या खादरात हवं. खादर म्हणजे नदीकाठची सखल जमीन, पुरात पाण्याखाली जाणारी. "मोकळी हवा, नदीचा किनारा, भविष्य उधर है," असं ते म्हणायचे. त्यांच्या सोसायटीचे नवे फ्लॅट तिथून हाकेच्या अंतरावर उभे राहत होते, हे म्हणायचे नाहीत.

गुणवंतशेठला ते हायवेवर हवं होतं. त्यांचं मोटारींचं नवंकोरं शोरूम हायवेवर होतं.

डॉक्टर राजीव माथुर पहिली दोन वर्षं म्हणत होते की शहराच्या मधोमध, म्हणजे या मैदानावरच असावं. माणसं पायी येऊ शकतील. बोलणं खरं होतं. मग त्यांनी मैदानाला लागूनच बंगला बांधला, आणि तिसऱ्या वर्षी त्यांना गोंगाटाचे दुष्परिणाम आठवले. "स्टेडियम ज़रूर बने, पर रिहायशी इलाक़े में नहीं," म्हणजे लोकवस्तीत नको, असं ते कळवळून सांगू लागले.

जो तो आपल्या पोळीवर तूप ओढत होता आणि त्याला शहराचा विकास म्हणत होता. चार वर्षांत एकानेही खाली वाकून मूठभर माती उचलली नाही.

चौथ्या हिवाळ्यात इतर दोघे थकले आणि राजाभाऊंची सरशी झाली. खादराची जागा जवळजवळ ठरली. लखनौहून एक अधिकारी जागा पाहायला येणार होता. त्याने होकार दिला की झालं. राजाभाऊंनी खादरात चार बोटं कोरडी माती पसरली, वर हिरवळीचे गालिचे अंथरले, चुन्याच्या रेघा ओढल्या. लांबून पाहिलं तर डोळे निवावेत असं दृश्य, असं मला नेणारा ट्रॅक्टरवाला म्हणत होता.

अधिकारी येण्याच्या दोन दिवस आधी राजाभाऊ मैदानावर आले. खंडेराव माझ्या धुरीला, म्हणजे मधल्या आसाला, तेल घालत होता.

"खंडेराव, अकरा वर्षं झाली ना तुम्हाला? आणि अजून हंगामी. बरं नाही दिसत," राजाभाऊ म्हणाले.

खंडेराव हात पुसत उभा राहिला.

"नव्या स्टेडियमचे मुख्य क्युरेटर तुम्ही. पक्की नोकरी. दोन खोल्यांचं क्वार्टर, पक्क्या छताचं. मी शब्द देतो. अधिकारी तुम्हाला मातीबद्दल विचारेल, तेव्हा एवढंच म्हणायचं, मिट्टी बढ़िया है."

"साहेब, मी बघून आलोय ती. वरनं गोरी दिसती, पण आत लोणी हाय. भादव्यात पाणी वर येतं तिथं."

"भादव्याचं भादव्यात बघू," राजाभाऊ हसून म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

विठाबाई खोलीच्या दारात तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. गाडी गेली तशी ती उठून आली.

"काय म्हणणार हाईत तुम्ही?"

खंडेराव पुन्हा तेल घालू लागला.

"अकरा पावसाळे मी ह्या पत्र्याखाली भांडी मांडून काढल्यात. एक वाक्य बोलायचंय तुम्हाला. अकरा वर्सं मातीची सेवा केली, एकदा तिच्याबद्दल खोटं बोला. माती काय रागवायची न्हाई."

खंडेरावाने तेलाचा डबा खाली ठेवला. नुसता माझा दांडा धरून उभा राहिला. मी माणसांना तुच्छ लेखतो हे खरं, पण विठाबाईचं त्या क्षणी काही चुकलं असं मला वाटलं नाही. खोटं बोलण्यासाठी तिच्याकडे कारण तरी होतं, डोक्यावरचं छप्पर. बाकीच्यांना छपरं होती, तरी ते खोटं बोलत होते.

फेब्रुवारीत तो दिवस उजाडला. मला ट्रॉलीत घालून खादराच्या कडेला, बांधावर उतरवलं. गळ्यात झेंडूची माळ. मला नुसतं शोभेला उभं राहायचं होतं. शामियाना होता, थंड पेयाच्या कंपनीचे लाल फलक होते, पुऱ्या तळल्याचा वास होता. सोसायटीतल्या बायका नटूनथटून आल्या होत्या.

अधिकारी पन्नाशीचा, सडपातळ, चिखलात वापरायचे बूट घालून आलेला. त्याचे बूट पाहून मला जरा बरं वाटलं. राजाभाऊ त्याला नकाशे दाखवत होते. त्याने नकाशे दुमडले आणि विचारलं, "ग्राउंड्समैन कौन है?"

खंडेराव पुढे झाला.

"मिट्टी कैसी है?"

राजाभाऊंनी खंडेरावाकडे पाहिलं, मान किंचित हलवली. बायकांच्या घोळक्यामागे विठाबाई उभी होती, पदर तोंडाशी धरून. सगळे थांबले. मी खंडेरावाचा चेहरा पाहत होतो. त्याचे ओठ दोनदा हलले. मला वाटलं, बोलला. वाक्य तयारच होतं, तीन शब्दांचं.

"साब, मैं क्या बोलूँ," तो अखेर म्हणाला. "इससे पूछ लीजिए."

आणि त्याने माझ्यावर हात ठेवला.

"नको नको, त्याची काय गरज आहे," राजाभाऊ घाईने म्हणाले. पण अधिकाऱ्याने मान डोलावली होती. तीन मजूर आले, खंडेरावाने दांडा धरला, आणि मला बांधावरून उतरवून त्या देखण्या हिरवळीवर घेतलं.

पहिली दोन पावलं जमिनीने सोसली. तिसऱ्या पावलाला माझ्याखाली काहीतरी भाकरीसारखं मोडलं. चौथ्याला गालिचा फाटला. मग माझ्या दोन्ही अंगांनी काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि मी सावकाश, अगदी सभ्यपणे, धुरीपर्यंत खाली गेलो. झेंडूची माळ चिखलावर तरंगू लागली.

चार वर्षांच्या चर्चेत माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मी ते दिलं, आणि त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"रोलर ही ज़रूरत से ज़्यादा भारी है," राजाभाऊ म्हणाले. घाम फुटला होता, तरी बोलले. ही माणसं बुडतानाही बोलतील.

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "और स्टेडियम इससे हलका होगा?"

तो पुऱ्यांना न थांबता गेला.

समितीच्या अहवालात लिहिलं गेलं, 'रोलर में तकनीकी ख़राबी पाई गई.' माझ्यात! आणि खंडेरावाचा तीन महिन्यांचा कागद त्या वेळी नवा झाला नाही. खोली महिनाअखेर सोडायला सांगितली.

जाण्याआधी तो मला पाहायला खादरात आला. मला कोणी काढलंच नव्हतं. विठाबाई बांधावर उभी होती, खाली उतरली नाही.

"खरं बोलून काय मिळालं?" तिने वरूनच विचारलं.

"बोललो कुठं? वढला फकस्त," तो म्हणाला.

ती हसली नाही. पण तो चिखलात उतरून हाताने माझी धुरी पुसू लागला, तेव्हा तिने आपल्या गाठोड्यातून एक फडकं काढून त्याच्याकडे फेकलं. नवरा-बायकोत त्या दिवशी एवढाच समेट झाला. पुढे दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, द्वारकेत, एका शाळेने त्याला मैदान राखायला ठेवलं, असं कानावर आलं.

मी तीन पावसाळे खादरात काढले. म्हशी अंग घासायच्या, बगळे बसायचे. संगत चांगली होती. कोणी भाषण केलं नाही.

स्टेडियम शेवटी हायवेवर झालं. तिथली माती तपासली का? छे. गुणवंतशेठने सगळ्या सभासदांना नव्या गाडीवर सवलत दिली, आणि हायवेचे फायदे सर्वांना एकाच आठवड्यात पटले. माती नशिबाने बरी निघाली. जुन्या मैदानावर दुकानं झाली.

आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की फाटकाशी काहीतरी ऐतिहासिक हवं. क्रेन लावून मला उपसलं, धुतलं, टोमॅटोसारखा लाल रंग फासला, सिमेंटच्या ओट्यात पक्कं केलं. पितळी पाटी बसवली: अध्यक्ष राजाभाऊ यांनी दूरदृष्टीने या रोलरद्वारे मातीची परीक्षा घेऊन शहराला चुकीच्या जागेपासून वाचवलं.

उद्घाटनाच्या दिवशी राजाभाऊ पाहुण्यांना ती पाटी दाखवत होते. तेवढ्यात गर्दीतून विठाबाई आली. द्वारकेहून दोन बस बदलून, एकटीच. खंडेराव आला नव्हता. शाळेच्या मुलींचा सामना होता म्हणे. ती पाटीसमोर उभी राहिली आणि एकेक अक्षर लावत सगळी वाचली. मग राजाभाऊंकडे वळली.

"ह्यांनी एक शब्द न बोलता घर घालवलं, आणि तुम्ही त्यांचं गप्प राहणंसुद्धा चोरलंत," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "मी त्यांना खोटं बोला म्हणाले होते. त्याची मला अजून लाज वाटती. तुम्हाला कशाची वाटती का?"

पाहुण्यांना अक्षर कळलं नाही. एकाने विचारलं, "क्या कह रही हैं माताजी?"

राजाभाऊंचा चेहरा क्षणभर उतरला. क्षणभरच.

"आशीर्वाद दे रही हैं," ते म्हणाले.

पाहुण्यांनी वाकून हात जोडले. कोणीतरी विठाबाईच्या हातात लाडवांचा खोका दिला. तिने तो माझ्या डोक्यावर ठेवला, रंग लागलेली बोटं पदराला पुसली आणि बसच्या दिशेने चालू लागली.

आता मी इथेच असतो. फिरू शकत नाही. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. आतली खेळपट्टी इंजिनाचा रोलर दाबतो, आणि कशी दाबतो ते चेंडू गुडघ्याखाली सरपटतो त्यावरून दिसतंच.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझा सत्कार नको, रंग नको, माझ्याविषयी चर्चा तर नकोच नको. द्वारकेच्या कुठल्या शाळेत पोरींचं एक मैदान आहे म्हणतात, त्याला जड रोलर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे ट्रक असेल तर गुपचूप या आणि मला घेऊन जा. समिती मात्र नेमू नका.