पेपरिलला करायचा फोन

वाळवंटात जाणारी माणसं दोन प्रकारची, असं आमच्या पंपावरचा मर्व्ह म्हणतो: आपल्या पायांनी परत येणारी आणि शोधून आणावी लागणारी. माझ्या मते प्रकार एकच, मूर्ख. टिन क्रॉसिंगच्या पेट्रोल पंपावर सव्वीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, मला शिकवू नका. इथून पुढे साडेचारशे किलोमीटर वाळूच्या टेकड्या, पलीकडे पेपरिल नावाचा गुरांचा फार्म, आणि मध्ये चिटपाखरू नाही. एकाने मला विचारलं होतं, वाटेत बर्फ कुठे मिळेल? मी म्हटलं, जून महिन्यात या, आमचा ऐन हिवाळा तेव्हा असतो, रात्री बादली बाहेर ठेवा.

पद्धत सोपी आहे. निघणाऱ्याने नाव, गाडी, पाणी आणि पोचण्याचा दिवस माझ्या वहीत लिहायचा. त्या दिवसानंतरच्या सकाळी मी पेपरिलला फोन करायचा, आले का? नसतील आले तर पोलिसांना कळवायचं, मग घरच्यांना.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांसाठी मी फोन करत नसे. दहातले सहा जण पहिली मोठी टेकडी बघूनच मागे फिरतात आणि लाजेनं इथे न थांबता मागच्या रस्त्याने सरळ ॲडलेड गाठतात. अशांसाठी फोन करून पेपरिलवाल्यांकडून हसं करून घ्यायचं? आम्ही बूट बघून माणूस ओळखतो. तसल्यांच्या नावापुढे मी वहीत एक फुली मारायची, की विषय संपला.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, डेस्मंड आणि फिलिपा एलरी आले. तो दातांचा डॉक्टर, निवृत्त. बूट इतके नवे की पेटीचा वास येत होता. टायरमधली हवा मोजायचं यंत्र त्याने मखमली डबीत ठेवलं होतं. पाणी निम्मं गाडीत, निम्मं टपावर. फिलिपाकडे प्लास्टिकमध्ये बसवलेल्या याद्या, आणि भाड्याने आणलेला, संदेश पाठवायचा रेडिओ. वर एक भलीमोठी नारिंगी ताडपत्री.

"ही कशाला?" मी विचारलं. "सर्कस आहे का वाटेत?"

"विमानातून दिसावी म्हणून," फिलिपा म्हणाली.

मर्व्हने पेट्रोल भरता भरता माझ्याकडे बघून डोळा मारला.

"बाई, तुम्ही पाणी दोन ठिकाणी का ठेवलंय?" तो म्हणाला. "भांडण झालं तर वाटणी सोपी जावी म्हणून?"

ती हसली नाही. वहीत तिने सुबक अक्षरात लिहिलं, पोचणार गुरुवारी संध्याकाळी. मग पेन खाली न ठेवता माझ्याकडे बघितलं. "शुक्रवारी सकाळी तुम्ही फोन कराल ना? आमच्या मुलीला आम्ही तसं सांगितलंय."

"करते हो, करते."

"नक्की?"

"बाई, इतकी वर्षं हेच करतेय."

गाडी निघाली. धूळ खाली बसायच्या आत मी फुली मारली. "दुपारच्या जेवणाआधी परत," मी म्हटलं. मर्व्ह म्हणाला, "छे, अकराच्या चहाआधी."

शुक्रवारी मी फोन केला नाही. शनिवारीही नाही. आठवणसुद्धा झाली नाही, हे जास्त वाईट.

रविवारी दहा वाजता फोन वाजला. त्यांची मुलगी, रोझलिन. आवाज अगदी मवाळ, मला त्रास दिल्याबद्दल आधी माफीच मागितली. "आईबाबा गुरुवारी पोचणार होते. पोचले नाहीत तर तुम्ही कळवणार होतात. तुमचा फोन आला नाही, म्हणजे पोचले असं समजून आम्ही निवांत होतो. पण आईने अजून फोन कसा केला नाही?"

"बघते," एवढंच म्हटलं आणि पेपरिलला फोन लावला. तिथे कोणीही आलं नव्हतं.

पोलिसांना सांगितलं. हवालदाराने विचारलं, "शुक्रवारी का नाही कळवलंस, डल्सी?" मी म्हटलं, लाइन खराब होती. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. मर्व्ह शेजारीच उभा होता. तो ट्रक काढायला गेला.

सोमवारी सकाळी विमानाला ती ताडपत्री दिसली. बुधवारीच गाडीच्या वायरिंगने पेट घेतला होता. रेडिओ गेला, आतलं सगळं पाणी गेलं. टपावरचे वीस लिटर त्यांनी खाली ओढून काढले आणि ताडपत्रीच्या सावलीत गाडीजवळ बसून राहिले. ऑक्टोबरच्या उन्हात दोघांना वीस लिटर. विमान आलं तेव्हा एक पेला उरला होता. डेस्मंडची मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती.

दोन दिवस वाया. शुक्रवारी फोन झाला असता तर शनिवारी चहा पीत बसले असते. ज्यांना मी हसले त्यांनी एकही चूक केली नव्हती. चूक केली ती बूट बघून माणूस ओळखणाऱ्या शहाणीने.

आठवड्याने फिलिपा आगीतून वाचलेलं सामान न्यायला आली. ओठ अजून फुटलेले, खुर्चीवर बसताना टेबल धरलं. मी चहा ठेवला. दुसरं काय ठेवणार?

"शनिवारी डेस्मंड चालत निघणार होता," ती म्हणाली. "पंचवीस किलोमीटरवर विहीर आहे म्हणून. मी त्याला धरून बसवलं. म्हटलं, त्या बाईची जीभ तिखट आहे, पण असली माणसं शब्दाला पक्की असतात. तिने काल फोन केलाय. विमान निघालंय. रविवारीही हेच सांगितलं. चार पावलं चालला असता तरी मेला असता."

मी काउंटर पुसत होते. पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

"मी फोन केलाच नाही," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही मागे फिराल."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर लोकांना टाकून बोलत आले, एकदा माझ्या तोंडावर कुणी थुंकलं असतं तर निदान फिटलं असतं.

"रोझलिनशी बोलल्यावरच मला कळलं," ती म्हणाली. "डेस्मंडला माहीत नाही. तो वॉर्डातल्या सगळ्यांना सांगतोय, टिन क्रॉसिंगच्या बाईने वाचवलं. डॉक्टर म्हणतात त्याने जीव धरायला हवा, आणि त्याने तो याच गोष्टीवर धरलाय. तुम्ही त्याला काही सांगायचं नाही."

"बरं."

"तो तुम्हाला फोन करेल. आभार मानायला. तुम्ही घ्यायचा."

"बाई, हे मला नाही जमणार."

"जमेल," ती म्हणाली आणि उठली. चहा तसाच राहिला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. मर्व्ह काउंटरपाशीच होता, त्याने हात पुढे केला नाही. मी उचलला. डेस्मंडचा आवाज इतका बारीक झाला होता की मला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला. तो म्हणाला, "तुम्ही शब्द पाळलात म्हणून मी आहे."

मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं."