मांडीवरचं बोट

दाजींचा झेंडा डावीकडे गेला आणि पंचाचा हात उजवीकडे. फुटबॉलचा चेंडू रेषेबाहेर गेला होता, तो आत फेकायचा थ्रो कुणाचा एवढाच प्रश्न होता, आणि तो दोघांनी मिळून एकाच वेळी दोन्ही संघांना देऊन टाकला. प्रेक्षकांत हशा पिकला.

"काका, चष्मा लावा!" कुणीतरी ओरडलं.

आता दाजींचं चष्म्याचंच दुकान. आठवडाभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे आणि रविवारी हे ऐकून घ्यायचं. डोळे ठणठणीत होते हो. दगा देत होता तो उजवा गुडघा. दाजी रेषेवरचे लाइन्समन, आणि मुख्य पंच कोण, तर सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून अख्खी फुटबॉल संघटना दाजी म्हणायची. घरी मान दाजींचा, मैदानावर मात्र शिट्टी मेहुण्याच्या तोंडात.

सतरा वर्षं दोघांचं झकास जमलं होतं. चेंडू शेवटी कुणाला लागला ते दिसलं नाही, की दाजी झेंडा नुसता सरळ वर धरायचे आणि मेहुण्याकडे बघायचे. मेहुण्याचा हात मांडीवर असायचा आणि एक बोट हळूच दिशा दाखवायचं. मग झेंडा तिकडे. बघणाऱ्याला वाटावं, काय नजर आहे या माणसाची!

गुरुवारी जेवताना मेहुणा बोलून गेला, "दाजी, गुडघा ऐकत नाही तुमचा. दहा-दहा पावलं मागे राहता. या हंगामानंतर बस करा."

"माझ्या घरात बसून मलाच बस म्हणतोस?"

मेहुणा ताटावरून उठला. मैदानात याचं तोंड बघणार नाही, अशी दाजींनी शपथ घेतली. बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या झेंड्यापायी माझं माहेर तोडू नका म्हणजे झालं."

आणि नेमका आज संघटनेचा परीक्षक कडेला खुर्ची टाकून बसला होता. पुढच्या हंगामात दाजी रेषेवर राहणार की घरी बसणार, ते त्याच्या कागदावर ठरणार होतं.

मध्यंतरापर्यंत आणखी तीनदा तेच झालं. दाजी अंदाजाने झेंडा दाखवायचे, मेहुणा उलटा हात करायचा. मुद्दाम करतोय मेला, परीक्षकासमोर शोभा करतोय माझी, असं म्हणत दाजी मनात धुमसत होते.

शेवटच्या मिनिटाला, सामना बरोबरीत असताना, चेंडू थेट कोपऱ्याजवळ बाहेर गेला. दाजी पंधरा पावलं मागे, धापा टाकत. दिसले ते नुसते पाय. दोन्ही संघांचे हात वर! सवयीने झेंडा सरळ वर गेला, आणि शपथ विसरून मानही वळली.

मेहुण्याचा हात मांडीवर होता. बोट उजवीकडे.

झेंडा उजवीकडे गेला, पाठोपाठ मेहुण्याचा हातही. ज्याच्या पायाला चेंडू लागला होता तो खेळाडूसुद्धा निमूट मागे फिरला.

सामना संपल्यावर परीक्षक आला. "शेवटचा निर्णय फक्कड, दाजी. पण फार मागे राहता तुम्ही. पुढच्या हंगामाचं कठीण दिसतंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुमच्या पंचांना जरा त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. प्रत्येक थ्रोला हात मांडीवर! काय ती खाज!"

"प्रत्येक थ्रोला?"

"अहो, पहिल्या मिनिटापासून. लिहून ठेवलंय मी."

दाजींना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. आपण बघत नव्हतो, तरी हा दाखवत होता. कसलं गाढव आहोत आपण!

दोघं निघाले. एरवी तरातरा चालणारा मेहुणा आज रमतगमत चालत होता. चौकात वाटा फुटल्या तसे दाजी थांबले. त्यांनी पिशवीतून झेंडा काढला, सरळ वर धरला आणि स्वतःच्या घराच्या दिशेने वळवला.

"ताई चिडली असेल," मेहुणा म्हणाला.

"एकटा गेलो तर चिडेल."

मेहुण्याने हात लांब करून तीच दिशा दाखवली. दाजींनी झेंडा काठीला नीट गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. मग दोघं दाजींच्या गुडघ्याच्या चालीने घरी निघाले.