धर्मपालचा स्वतंत्र सिनेमा

माझा धर्मपाल अकोल्याला तंबूतल्या सिनेमा-टाकीत मशीन चालवायचा. एकसष्ट साली ऐन कापूसवेचणीत तिवश्याला घरी आला, तो खांद्याला उसना कॅमेरा अडकवून.

"माय, मी सिनेमा काढून राहिलो. स्वतंत्र."

"म्हंजे?"

"म्हंजे मुंबईचा शेठ नाही, पगारी हिरो नाही. कोनाचा हुकूम नाही."

आणि त्याच दिवसापासून मला हुकूम सुरू. माय, इकडून चाल. माय, कॅमेऱ्यात पाहू नको. घागर रिकामीच घे, पण भरलेली असल्यासारखी चाल. म्हटलं, जन्मभर भरलेल्या उचलल्या, आता रिकामीचं ओझं शिकव मला.

सिनेमात मी विधवा मजूरबाई, अन् पाटील झाला माझा दीर डोमाजी. फेटा बांधून खाटेवर बसला, तेव्हापासून चहासुद्धा उठून घेईना.

वर्ष असंच गेलं. शेवटचा सीन राहिला अन् रीळ संपलं. धर्मपाल अमरावतीला, सिनेमे वाटणाऱ्या एका शेठकडे गेला. परत आला तो मान खाली, काखेत रिळाचा एक डबा.

"शेठ टाकीवर लावतो म्हनते. फक्त शेवटी तू पाटलाच्या पाया पडाचं, अन् पाटील माफ करते. लोकाले रडाले आवडते."

"माहा गुन्हा काय?"

"गुन्हा काही नाही. रिवाज हाय."

"मुंबईचा शेठ नाही म्हनत होता. अमरावतीचा चालते?"

"माय, नाहीतर सिनेमा डब्यातच राहीन. वरीस घातलं म्या."

पोराचं तोंड पाहून हो म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? पण छप्पन साली नागपूरला पायी जाऊन, दीक्षा घेऊन मी ते वाकणं सोडून आले होते. सिनेमासाठी परत धरायचं?

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला. डोमाजीनं पाय पुढे केले. मी समोर गेले, ताठ उभी राहिले अन् बोलले. रीळ संपेपर्यंत बोलले, आधी पाटलाला, मग फेट्याखालच्या डोमाजीला. डोमाजीनं आधी पाय आखडले, मग फेटा काढला. धर्मपाल कॅमेरा थांबवायचं विसरला. दुसऱ्यांदा घ्यायला रीळ उरलं नाही.

शेठनं सिनेमा पाहिला अन् सगळे डबे एस.टी.नं परत पाठवले.

मग धर्मपालनं अकोल्याहून मशीन आणली अन् आमच्याच वस्तीत, शेजारच्या नत्थुजीचं धोतर ताणून त्यावर सिनेमा लावला. आवाज मागून भरायचा होता, तो राहूनच गेला. धोतरावर माझं तोंड नुसतं हलत होतं.

बसलेल्या बायांतून वच्छला ओरडली, "मनकर्णाबाई, काय म्हनून राहिल्या तिथं?"

मी उठले, धोतराशेजारी उभी राहिले अन् सांगितलं. सगळं, डोमाजीच्या खाटेवरच्या चहासकट. लोक हसून लोळले. डोमाजी मागच्या मागे घरी गेला.

आठ दिवसांत रिद्धपूरहून सिनेमा दाखवायचं बोलावणं आलं. धर्मपालनं विचारलं, "माय, तिथंबी हेच बोलशीन ना? म्या लिहून घेतलं हाय."

"तो कागद ठेव घडी करून. तिथं जे सुचीन ते बोलीन. स्वतंत्र हाय ना सिनेमा?"